गिरिजाबाईंचा एक दिवसाचा परवाना

मंठ्याच्या बसस्थानकामागच्या देशी दारूच्या दुकानात गिरिजाबाई पहिल्यांदा गेल्या, तेव्हा त्यांचं वय सदुसष्ट होतं. दुपारचे बारा वाजले होते. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, पिशवीत नवऱ्याच्या गोळ्या. लोखंडी जाळीपुढे सात-आठ पुरुष उभे होते. त्यांनी बाजूला सरून जागा दिली. बाईमाणूस इथे येते ती नवऱ्याला ओढून न्यायला, असा त्यांचा अनुभव.

"कोण पाह्यजे मावशी? नाव सांगा, आवाज देतो," एकानं विचारलं.

"कोणी न्हाई. एक लहान बाटली पाह्यजे. देशी."

रांगेतल्या माना वळल्या. जाळीमागे गल्ल्यावर काकासाहेब म्हणून पन्नाशीचा माणूस बसतो. त्यानं मान वर केली.

"प्यायचा परवाना हाय का?"

"न्हाई."

"मंग आधार द्या. इथंच फाडून देतो एक दिवसाचा."

"आधार न्हाई आणलं."

"मंग न्हाई मिळणार."

"पंचवीसच्या खालची दिसते का मी तुम्हाला?"

"मला तुम्ही माझ्या आईहून मोठ्या दिसता," काकासाहेब म्हणाला. "पण माझ्या दिसण्यावर आता चालत न्हाई. त्याला विचारा." त्यानं बोटानं डोक्यावरचा कॅमेरा दाखवला. मग जाळीला चिकटपट्टीनं लावलेला एक कागद दाखवला. "आन शिव्या द्यायच्या असतील तर यांना द्या. मला रोज बसतात, कटाळा आला."

तो कागद म्हणजे तालुक्यातल्या अकरा गावांतल्या महिलांनी दिलेल्या निवेदनाची झेरॉक्स होती. परवाना आणि ओळखपत्र पाहिल्याशिवाय कोणत्याही दुकानानं कोणालाही दारू विकू नये, गटारी अमावास्येच्या आधी तपासणी व्हावी, अशी मागणी. खाली सह्या. दुसरी सही गिरिजाबाईंची होती.

त्यांनी तो कागद वाचल्यासारखं केलं. आधार कार्ड त्या विसरल्याही नव्हत्या. दुकानाच्या कागदावर नाव राहू नये म्हणून मुद्दाम घरी ठेवून आल्या होत्या.

गिरिजाबाईंचं माहेर भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला. शिक्षण चौथीपर्यंत. सोळाव्या वर्षी लग्न होऊन त्या मंठ्यापासून चौदा किलोमीटरवरच्या खोरवाडीत आल्या. नवरा संपतराव, चार एकर जमीन, कापूस आणि सोयाबीन. मुलगा वाळूजला कंपनीत आहे, सणावाराला येतो. गिरिजाबाईंनी स्वतःच्या शेतात खुरपलं, दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला, आणि बारा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवली.

दारूबंदीच्या कामात त्या आल्या त्या या खिचडीमुळे. गावातलं देशीचं दुकान शाळेच्या वाटेवर होतं, स्वयंपाकाच्या खोलीपासून साठ पावलांवर. त्यांनी ती मोजली होती, कारण अर्जात अंतर लिहायचं होतं. सकाळी दहाला पोरं पडलेल्या माणसांना ओलांडून शाळेत येत. त्यातल्या काही पोरांचे बापही त्यांत असत. संपतराव स्वतः पट्टीचे पिणारे नाहीत. पोळा, आखाड, कोणाची सोयरीक, एवढंच. त्यामुळे नवऱ्याचा राग म्हणून बाई रस्त्यावर उतरली, असं कोणाला म्हणता आलं नाही. लोकांनी दुसरं म्हणायचं ते म्हटलं.

बाटली आडवी करायची, म्हणजे मतदानानं गावातलं दुकान बंद करायचं, तर गावच्या मतदार यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी तसं मत द्यावं लागतं. आलेल्या बायकांच्या निम्म्या नव्हे, यादीतल्या निम्म्या. खोरवाडीच्या यादीतल्या शेकडो बायका दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. म्हणून मतदान दसऱ्याच्या आत घ्यायला लावणं हेच निम्मं काम होतं. ते गिरिजाबाई आणि चांगुणाबाई या दोघींनी केलं. चांगुणाबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, बौद्ध वस्तीतल्या, कागदाला न घाबरणाऱ्या. त्यांनी माहितीच्या अधिकारात गावच्या दुकानातून गिऱ्हाइकांना फाडलेल्या परवान्यांच्या नकला मागवल्या. त्यात तुळजाबाईंचं नाव निघालं. तुळजाबाई गळ्यात माळ असलेली म्हातारी, जन्मात कांदा न खाल्लेली. तिच्या नावावर एका उन्हाळ्यात साठ बाटल्या लागल्या होत्या, आणि त्याच्या आदल्या पावसाळ्यात ती वारली होती. दुकानदार मतदार यादी समोर ठेवून परवाने भरत होता. पिणारे एक, कागदावर दुसरे.

ही नक्कल दोघींनी घरोघर नेली. दारू वाईट, हे बायकांना माहीतच होतं, त्यावर फार कोणी हललं नाही. तुळजाबाईचं नाव वाचल्यावर हलल्या. गरजेपेक्षा चोवीस मतं जास्त पडली आणि दुकान बंद झालं. त्याला दोन वर्षं होतील. गिरिजाबाई तेव्हापासून गावच्या दारूबंदी समितीच्या अध्यक्ष आहेत.

तर अशा बाईला बाटली कशाला हवी होती?

संपतरावांच्या शेताच्या बांधावर एक म्हसोबा आहे. शेंदूर लावलेला गुडघाभर दगड. आखाडातल्या शेवटच्या रविवारी त्याला नारळ, कोंबडं आणि देशीची एक बाटली, असा संपतरावांच्या आजापासूनचा रिवाज. गेल्या वर्षी, दुकान बंद झाल्यावरच्या पहिल्या आखाडात, गिरिजाबाईंनी बाटली आणू दिली नाही. समितीच्या अध्यक्षाच्या घरात बाटली नको. म्हसोबाला त्यांनी तांब्याभर दूध वाहिलं. या वर्षी मृगात पेरणीच्या वेळी त्याच बांधावरून संपतराव घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातली आहे. दीड महिना ते बाजेवर आहेत.

बाजेवरच्या माणसाला बोलण्याशिवाय काम नसतं.

"दूध पाजलं तू त्याला," संपतराव सकाळी म्हणत.

"बांध ओला होता. तुम्ही चपलीवर गेल्ता."

"चाळीस वर्षं चपलीवरच गेलो. चाळीस वर्षं दूध न्हवतं पाजलं."

असं दीड महिना. जेवताना, गोळ्या घेताना, व्यायाम शिकवायला येणाऱ्या पोरीसमोर. त्या पोरीनं एकदा विचारलं, "काका, कोणाला दूध पाजलं?" तेव्हा तिलाही पहिल्यापासून सगळं सांगितलं. गिरिजाबाईंचा म्हसोबानं पाडलं यावर विश्वास नाही. पण शेवटचा रविवार जवळ आला तसं त्यांनी ठरवलं, की एक बाटली ओतून हा विषय संपवावा.

आणणार कोण, हा प्रश्न होता. गावात चोरून विकणारा एक टपरीवाला आहे, पण त्याच्याविरुद्ध पोलिसांत तीन तक्रारी त्यांच्याच आहेत. गावातल्या एखाद्या पुरुषाला सांगावं, तर बाटली येण्याआधी बातमी येणार. काळी-पिवळी जीप चालवणारा मुजाहिद कोणाच्या गोष्टी कोणाला सांगत नाही, म्हणून शेवटी त्याला विचारलं.

"मावशी, तेवढं सोडून काही बी सांगा," मुजाहिद म्हणाला. "सिलिंडर सांगा, खताची गोणी सांगा. त्याला हात बी न्हाई लावत मी. अम्मी घरात घेणार न्हाई."

"बरं. मंग मला तरी नेऊन सोड."

"सोडतो की. गोळ्या आणायला चालल्या म्हणून सांगतो."

म्हणून त्या शुक्रवारी स्वतः आल्या होत्या, आणि जाळीपुढे उभ्या होत्या.

"मावशी, एक काम करा," रांगेतला एक जण म्हणाला. "माझ्या नावावर घ्या."

"तुझं तरी तुझ्या नावावर हाय का?" काकासाहेब त्याला म्हणाला, आणि रांग हसली. मग त्यानं खालच्या खणातून आधार कार्डांच्या झेरॉक्सचा जाड गठ्ठा काढला, थुंकी लावून चाळला आणि एक कागद वर धरला. "हे घ्या. बाई हाय, एकोणसत्तर वय. बराबर बसतं. हिच्या नावानं फाडतो."

कागदावर एका म्हातारीचा काळपट फोटो होता. घनसावंगी तालुक्यातल्या कुठल्या गावचा पत्ता.

"ही बाई कोण?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"मला काय ठाऊक."

"हिला ठाऊक हाय का, हिच्या नावावर दारू जाती ते?"

"मावशी," काकासाहेब शांतपणे म्हणाला, "तुम्हाला बाटली पाह्यजे का त्या बाईचा पत्ता पाह्यजे?"

मागे पुन्हा हसले. कॅमेरा होता, निवेदन होतं, तपासणीही होणार होती, आणि गठ्ठाही होता. नियम इतका सैल होता की त्यातून तालुका जाऊ शकत होता. फक्त गिरिजाबाई जाऊ शकत नव्हत्या. त्या नावावर घेतली असती तर दोन वर्षांपूर्वी घरोघर फिरवलेल्या नकलेला काही अर्थ उरला नसता. त्या काही न घेता परत फिरल्या. भाडं गेलं, दिवस गेला.

"आणली का?" संपतरावांनी विचारलं.

"आधार मागत्यात."

"कोणाला?"

"मला."

"तुला? तुझं वय दिसत न्हाई का त्यांना?"

"तेच म्हणले मी."

संपतराव म्हणाले, "मंग घेऊन जा की आधार."

"माझं नाव लागतंय कागदावर."

"लागू दे. माझा पाय लागला न्हाई का?"

शनिवारी त्या आधार घेऊन गेल्या. सकाळीच, गर्दी व्हायच्या आत. तरी पाच जण होतेच. काकासाहेबनं कार्ड घेतलं, परवान्याचं पुस्तक उघडलं, नाव लिहायला लागला आणि मध्येच थांबला. त्यानं गावाचं नाव पाहिलं. मग मान वळवून जाळीवरचा कागद पाहिला.

"दुसरी सही तुमचीच का?"

"माझीच."

"मंग काल का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही काल नाव कुठं विचारलं? आधार विचारलं."

काकासाहेबला हसू आलं, पण त्यानं ते पुस्तकात लपवलं. रांगेतल्या माणसांना मात्र लपवायचं कारण नव्हतं. एकानं मोबाइल काढला. गिरिजाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला, इतकंच. काढू नको म्हणाल्या नाहीत. सही करण्यापूर्वी त्यांनी परवाना हातात घेऊन वाचायला सुरुवात केली. चौथी शिकलेल्या माणसासारखं, बोट ठेवून. मागचे कुरकुरले.

"याच्यात आरोग्य राखण्यासाठी असं लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"सगळ्यांच्यात तेच असतं."

"मी पिणार न्हाई. म्हसोबाला पाह्यजे. तसं लिहा."

"तसा रकाना न्हाई मावशी."

"मंग हे खोटं झालं."

"म्हसोबा पिणार असल तर त्याचं आधार आणा," मागून कोणीतरी म्हणालं. "त्याच्या नावानं फाडतील."

"त्याचं वय किती धरायचं?" दुसरा म्हणाला. "पंचवीसच्या वर हाय का?"

गिरिजाबाईंनी सही केली. कागद पुन्हा वाचला आणि विचारलं, "ही तारीख आजची. उद्या चालतो का?"

"एक दिवसाचा म्हणजे आजचा. रात्री बारापर्यंत."

"उद्या बाटली माझ्याजवळ सापडली तर?"

काकासाहेबनं पेन खाली ठेवलं. वीस वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. "तर नियमानं गुन्हा," तो म्हणाला. "पण कोण बघतंय मावशी."

"म्हसोबा उद्या हाय. रविवारी."

"मंग उद्या या."

उद्या यायचं म्हणजे तिसरी खेप. बाजेवरच्या माणसाला तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या भरवशावर टाकणं. गिरिजाबाईंनी बाटली घेतली, परवाना घडी करून आधारच्या पाकिटात ठेवला आणि म्हसोबा एक दिवस अलीकडे घेतला.

जीप खोरवाडीला पोचण्याआधी फोटो पोचला होता. मुजाहिदच्या मोबाइलवरही आला होता. त्यानं तो गिरिजाबाईंना दाखवला नाही, पण गाडी नेहमीपेक्षा हळू चालवली. फाट्यावर हॉटेलच्या बाकड्यावर सहा-सात जण बसले होते. एरवी त्यांना पाहून बिडी विझवणारी माणसं आज उठून उभी राहिली.

"काकू, आडवी का उभी?" एकानं विचारलं.

"उभी. आडवी ठेवली तर झाकणातून गळती." गिरिजाबाई थांबल्या. "माझ्या नावावर हाय. परवाना हाय, सही हाय. आता तुमच्यातल्या एकानं दाखवा, आजवर प्याला त्यातली एक तरी तुमच्या नावावर हाय का?"

कोणी दाखवलं नाही. पण कोणी खजीलही झालं नाही. "आता गाव नावं तुम्हालाच ठेवील ना काकू," एक जण म्हणाला. "आम्ही काय, आम्ही पिणारेच." ते खरं होतं, आणि गिरिजाबाईंना ते ठाऊक होतं.

घरी चांगुणाबाई येऊन बसल्या होत्या. बाजेजवळच्या खुर्चीत, पर्स मांडीवर. संपतराव छताकडे पाहत होते. दोघांचं बोलणं आधीच होऊन गेलं असावं.

"तुझा म्हसोबा दूध पीत न्हाई, हे मला आधी सांगायचं," चांगुणाबाई म्हणाल्या. "मी समजावलं असतं त्याला."

"हसू नको."

"हसून न्हाई राह्यले. टपरीवाल्याचं पोरगं माझ्या दारात येऊन फोटो दाखवून गेलं. समितीत किती आहेत? सात. त्यातल्या पाच जणींचे मला फोन. काय सांगू त्यांना? दगडाला पाजायला घेतली?"

"तुला विचारलं असतं तर कर म्हणली असती का?"

"न्हाई म्हणले असते."

"म्हणून न्हाई विचारलं."

"मंग दुसऱ्याच्या नावावर तरी घ्यायची," चांगुणाबाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. "न्हाई. ते बी न्हाई चाललं असतं."

"काल देत होता. गठ्ठाच हाय त्याच्याजवळ."

"गठ्ठा हाय? झेरॉक्सचा? कॅमेऱ्यासमोर?"

"खालच्या खणात."

चांगुणाबाईंनी वही काढली. गिरिजाबाईंनी गठ्ठ्याचं, खणाचं, घनसावंगीकडच्या त्या बाईचं सगळं सांगितलं आणि त्यांनी ते लिहून घेतलं. रकाने पाडून, तारीख घालून. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "तक्रार देता येईल. पण विचारतील, तुम्हाला कसं कळलं. तू तिथं कशाला गेल्ती?"

"बाटली आणायला."

"हां. तेच." त्यांनी वही मिटली. "बैठक लावावी लागल, गिरिजा. मी लावली न्हाई तर दुसरं कोणी लावील."

त्या निघाल्या तेव्हा तीन वाजले होते. गिरिजाबाईंनी नारळ घेतला. कोंबडं रविवारच्या हिशेबानं सांगितलं होतं, ते आज मिळालं नाही.

"शनिवार मारुतीचा," संपतराव बाजेवरून म्हणाले. "म्हसोबाचा रविवार. आन कोंबडं बी न्हाई."

"परवाना आजचाच हाय."

"त्याला काय परवान्याचं?"

"त्याला न्हाई. मला हाय."

बांधावर चिखल होता. त्या चप्पल काढून गेल्या. नारळ फोडला, शेंदूर लावला, बाटलीचं झाकण उघडायला त्यांना वेळ लागला, कारण ते कसं फिरतं हे माहीत नव्हतं. मग सगळी बाटली दगडावर ओतली. वास नाकात बसला. शेजारच्या शेतात सोयाबीन खुरपणाऱ्या दोन बायका उभ्या राहून पाहत होत्या. गिरिजाबाईंनी त्यांना हाक मारली नाही.

घरी आल्यावर संपतरावांनी मान उचलली. दीड महिन्यात पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता.

"वतली?"

"वतली."

"प्रसाद आणला का?"

"खोबरं हाय. देते."

"खोबरं न्हाई. प्रसाद." ते थांबले. "अर्धी त्याला वतायची आन अर्धी प्रसाद म्हणून घरी आणायची, असं असतंय. बापाच्या टायमापासून असंच असतंय. सगळीच वतली का?"

गिरिजाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. दोन खेपा, दोन दिवस, आधार, सही, फोटो, चांगुणाबाईची वही. दीड महिना सकाळ-संध्याकाळ ऐकलेलं ते दूध नेमकं कोणाला खटकलं होतं, ते आता कळलं. त्यांनी रिकामी बाटली पिशवीतून काढून कोनाड्यात उभी ठेवली. फेकणार कुठे? उकिरड्यात सापडली तर त्याचाही फोटो निघेल.

"परवाना माझ्या नावावर हाय," त्या म्हणाल्या. "मी प्याले असते तर चाललं असतं. तुम्हाला दिली असती तर गुन्हा."

"कोण बघतंय?"

"तो काकासाहेब बी हेच म्हणला."

संपतरावांनी खोबरं घेतलं. चावत पुन्हा छताकडे पाहू लागले. दुधाचा विषय त्यांनी त्यानंतर काढला नाही. कोंबड्याचा काढला.

समितीची बैठक गुरुवारी आहे. सात जणींना लेखी नोटीस गेली. विषय एक: अध्यक्षांनी मद्याचा परवाना घेतल्याबाबत. नोटीस काढायचा अधिकार अध्यक्षांचा असतो, म्हणून ती गिरिजाबाईंनीच लिहिली, सही केली आणि परवान्याची झेरॉक्स सोबत जोडली.